ले-आउटमधल्या पावसाळी तळ्याचा खर्च कोणी उचलायचा आणि कोणत्या हिशेबाने?

प्रश्न थोडक्यात असा: मखमलाबाद शिवारात दहा हेक्टरचा ले-आउट आहे. बंगले, काही अपार्टमेंट आणि एक मंगल कार्यालय आहे, बरेच प्लॉट अजून रिकामे आहेत. पावसाचं पाणी काही तास अडवून हळूहळू नाल्यात सोडण्यासाठी विकासकाने खालच्या कोपऱ्यात तळं बांधलं आहे. आता विकासक म्हणतो, माझं काम संपलं. महापालिकेचं विभागीय कार्यालय म्हणतं, तळं आमच्याकडे हस्तांतरित झालेलं नाही. रहिवाशांनी घरटी हजार रुपये वर्गणी ठरवली, पण निम्म्या लोकांनीच दिली. घरपट्टीसारखी, मालमत्तेनुसार आकारणी करून कायमचा निधी उभा करता येईल का? आधार कोणता धरावा?

करता येईल. पण घरपट्टीचा आकडा आधार म्हणून घेऊ नका आणि घरटी समान वर्गणीही ठेवू नका. ज्याच्या मालमत्तेवरून जितकं पाणी तळ्यात येतं, त्याने तितका भार उचलावा, एवढाच आधार टिकतो. शिवाय तुमच्या हिशेबात महापालिका एक मोठी देणेकरी आहे. तिचा हिस्सा न धरता बहुतेक ठिकाणी हिशेब मांडला जातो आणि मग रहिवाशांना आकडा जास्त वाटून सगळं बारगळतं. पावसाळी गटारं, नाले आणि ले-आउटच्या ड्रेनेजचं काम मी नाशिकमध्ये वर्षानुवर्षं करत आलो आहे. तळं बांधायला पैसे मिळतात, ते राखायला मिळत नाहीत, हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तळं नेमकं काय करतं ते पाहू, कारण खर्चाची वाटणी त्यातूनच निघते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. तुमच्या दहा हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एकूण पाणी ५,००० घनमीटर. पूर्वी तिथे द्राक्षबाग किंवा भाजीपाल्याची शेती असताना त्यातलं साधारण ३० टक्के वाहून जाईल असं धरलं, तर १,५०० घनमीटर. आता छपरं, काँक्रीट, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आल्यावर ७० टक्के धरा, म्हणजे ३,५०० घनमीटर. मधला फरक २,००० घनमीटर. चाळीस मीटर लांब, पस्तीस मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तळ्यात जवळपास एवढंच पाणी मावतं. म्हणजे तुमचं तळं वस्तीमुळे वाढलेलं पाणी सांभाळायला आहे. जमीन जितकी झाकली, तितकी या तळ्याची गरज वाढली.

तळं नसतं तर हे २,००० घनमीटर पाणी त्याच तासाभरात नाल्याकडे गेलं असतं. तुमच्या बाजूचं पाणी शेवटी वाघाडीत आणि तिथून पंचवटीत गोदावरीला मिळतं. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात. पण गंगापूर धरणातला विसर्ग थांबलेला असतानाही शहरातल्या शहरात पाणी तुंबतं, ते या वाढलेल्या वाहत्या पाण्यामुळेच. सराफ बाजार आणि दहीपूल परिसरात सरस्वती नाल्याचं पाणी दुकानांत शिरतं, तेव्हा नदीला पूर असलाच पाहिजे असं नाही. वरच्या भागातली जमीन झाकत गेली की खालच्या जुन्या नाल्यांवर ताण येतो, मग नाला सरस्वती असो की वाघाडी.

आता देखभाल केली नाही तर काय होतं, ते एका जागेवर पाहू. तळ्याच्या तळाशी बाहेर जाणारा पाइप असतो, समजा ३०० मिलिमीटरचा. भरलेलं तळं त्यातून साधारण पाच तासांत रिकामं होतं. त्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते. गणपती-नवरात्रातल्या झेंडूच्या माळा, दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे आणि सिमेंटची फाटकी गोणी अशी सगळी भर त्या जाळीवर येऊन बसते. पाण्याचा दाब तिला आणखी घट्ट बसवतो. जाळी निम्मी बंद झाली की तेच तळं रिकामं व्हायला दहा तास लागतात. पहाटेच्या पावसाचं पाणी दुपारपर्यंत उतरलेलं नसतं आणि संध्याकाळची सर येते. मग पाणी सांडव्यावरून जातं. सांडव्याखालचं पिचिंग, म्हणजे माती धुपू नये म्हणून रचलेले दगड, निसटलेलं असेल तर बांधाची माती धुपू लागते. सगळा बिघाड सुरू होतो तो एका जाळीपासून, आणि ती साफ करायला लागतो एक माणूस, एक फावडं आणि पाऊस ओसरल्यावरचा अर्धा तास. तो माणूस कोणाच्या पगारावर आहे, हाच तुमचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट गाळाची. म्हसरूळ-मखमलाबादकडे वर काळी माती आणि खाली मुरूम किंवा कातळ अशीच जमीन बहुतेक ठिकाणी लागते. काळी माती पाण्याबरोबर सहज वाहते आणि तळाशी बसली की चिखलाचा घट्ट थर होतो. तळ्याच्या सगळ्यात खोल भागात एक खांब उभा करा, त्यावर दर दहा सेंटीमीटरला ऑइल पेंटने रेघ मारा आणि दर मे महिन्यात गाळ कोणत्या रेघेपर्यंत आला ते फोटोसकट लिहून ठेवा. एक चतुर्थांश क्षमता गेली की गाळ काढायचाच. तुमच्या तळ्यासाठी हे ५०० घनमीटर झाले. ठेकेदार ब्रासमध्ये बोलेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. तेव्हा साधारण १८० ब्रास. जेसीबी, डंपर आणि गाळ टाकायची जागा धरून ब्रासमागे २,००० रुपये धरले, तर ३ लाख ६० हजार. दर तुमच्याकडे वेगळा निघेल, तीन कोटेशन घ्या. पण पाच वर्षांनी हा खर्च दारात येऊन उभा राहणार हे नक्की. तो आजपासून वर्षाला ७२ हजार असा बाजूला काढला नाही, तर त्या वर्षी कोणीही एकदम साडेतीन लाख देणार नाही. तळी मरतात ती बहुतेक याच टप्प्यावर. रोजची झाडलोट कशीबशी चालू राहते, गाळाचा खर्च मात्र कोणी धरलेलाच नसतो.

वर्षाचा हिशेब समजायला एक नमुना मांडतो. आकडे गृहीत आहेत, तुमचे तुम्ही घाला. अर्धवेळ माणूस महिना ८,००० रुपयांप्रमाणे वर्षाला ९६ हजार. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास चेंबर, गाळकुंडी आणि जाळ्यांची मोठी सफाई ६० हजार. गाजर गवत आणि वेडी बाभूळ काढणं, बांधाची व पिचिंगची किरकोळ डागडुजी ४० हजार. हिशेब तपासणी, विमा आणि वर्षातून एकदा अभियंत्याकडून पाहणी ३२ हजार. नेहमीचा खर्च झाला २ लाख २८ हजार. त्यात गाळाचे ७२ हजार मिळवा, म्हणजे ३ लाख. पाइप, झडप, कुंपण आणि भिंत कधी ना कधी बदलावी लागेल, त्यासाठी ६० हजार राखीव. आणि काही लोक वेळेवर देणार नाहीत हे धरून ४० हजार. एकूण ४ लाख.

हे ४ लाख वाटायचे कसे?

समजा ले-आउटमध्ये ४०० कुटुंबं आहेत. घरटी समान वाटणी केली की प्रत्येकी हजार. तुम्ही हेच केलं. आता एक अपार्टमेंट घ्या. प्लॉटवर छप्पर आणि पार्किंग मिळून ७०० चौरस मीटर जागा झाकलेली आहे आणि वर वीस फ्लॅट आहेत. त्या इमारतीने २० हजार द्यायचे. शेजारच्या बंगल्याची दीडशे चौरस मीटर जागा झाकलेली, त्याने हजार द्यायचे. मंगल कार्यालयाने तीन हजार चौरस मीटर फरशी घातली आहे आणि तेही एकच ‘घर’ म्हणून हजार देतं! फ्लॅटधारक पैसे देत नाहीत यात मला नवल वाटत नाही. त्यांना हिशेब कोणी मांडून दाखवला नसेल, पण अन्याय त्यांना कळतो.

मग घरपट्टीच्या प्रमाणात घ्यावं, असं कोणी सुचवेल. घरपट्टीचा तयार आकडा हाताशी असतो, म्हणून ते सोपं वाटतं. पण नाशिकची घरपट्टी करयोग्य मूल्यावर बसते. म्हणजे मालमत्तेला वर्षाला किती भाडं यावं ते धरायचं, दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्यावर कर लावायचा. बांधकामाचं क्षेत्र, वापर आणि दर यांवर तो आकडा ठरतो. सात मजली इमारतीचं भाडेमूल्य एकमजली घराच्या कितीतरी पट असतं, पण पाऊस पडतो तो एकाच छपरावर. उलट मोठं फरसबंद आवार असलेल्या लॉन्सवर पक्कं बांधकाम थोडं, म्हणून आकारणीही त्या मानाने हलकी. पाण्याच्या हिशेबात हा आकडा उलटाच चालतो. शहराच्या सर्वसाधारण सेवांसाठी करयोग्य मूल्य हा योग्य आधार असेल, तळ्यासाठी नाही.

म्हणून झाकलेलं क्षेत्र मोजा. १०० चौरस मीटर झाकलेली जागा म्हणजे एक एकक. समजा तुमच्या ले-आउटमध्ये साडेपाच हेक्टर झाकलेलं आहे, म्हणजे ५५० एककं. त्यातली दीड हेक्टर म्हणजे १५० एककं रस्त्यांची आहेत. ४ लाख भागिले ५५०, एका एककाला ७२७ रुपये. बंगल्याला वर्षाला १,०९१ रुपये. अपार्टमेंटच्या इमारतीला ५,०९१, म्हणजे प्रत्येक फ्लॅटला सुमारे २५५ रुपये. मंगल कार्यालयाला २१,८१८. हा तक्ता एकदा सभेत फळ्यावर मांडून पाहा. जे वीस फ्लॅटवाले हजाराला नाही म्हणत होते, ते २५५ रुपयांसाठी भांडणार नाहीत. मंगल कार्यालयाचा मालक मात्र भांडेल. त्याला सांगायचं की फरशी उखडून हिरवळ केलीत, तर तेवढी एककं लगेच कमी होतील. आकारणीचा हाही उद्देश आहे. जो जमीन मोकळी ठेवतो, त्याला त्याचा फायदा दिसला पाहिजे.

मोजणी अवघड नाही. मंजूर बांधकाम नकाशा, उपग्रहाचं चित्र आणि शंका असेल तिथे टेप. छप्पर, काँक्रीट आणि डांबर पूर्ण धरा. पेव्हर ब्लॉक अर्धा धरायचा प्रघात ठेवा, पण खाली काँक्रीटचा बेड असेल तर पूर्ण. माती, बाग आणि मोकळा प्लॉट शून्य. यादी मालमत्तेनुसार तयार करून सोसायटीच्या फलकावर आणि ग्रुपवर लावा, हरकतींसाठी महिनाभर द्या आणि आलेल्या हरकतीवर जागेवर जाऊन निकाल द्या. आपल्या नावापुढचा आकडा कुठून आला हे माणसाला दिसलं की अर्धा विरोध तिथेच मावळतो. २०१८ मध्ये नाशिकमध्ये करयोग्य मूल्याचे दर वाढले, मोकळ्या जागांवरच्या आकारणीचा प्रश्न पेटला आणि शहरभर आंदोलनं झाली. ती आठवण लोकांच्या मनात ताजी आहे. ‘घरपट्टीसारखी आकारणी’ एवढे शब्द ऐकूनच लोक बिथरतील, तेव्हा यादी आधी दाखवा आणि दर नंतर सांगा.

पावसाचं पाणी जिरवणाऱ्यांना सूट द्यायची का? जरूर द्या, पण तपासून. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, त्यामुळे बऱ्याच इमारतींत शोषखड्डा असेल. तो चालतो का, हा खरा प्रश्न. काळ्या मातीतला शोषखड्डा मुरमापर्यंत नेलेला नसेल, किंवा त्यात गाळ बसला असेल, तर तो नुसता पाण्याने भरलेला हौद असतो. मे महिन्यात पाच हजार लिटरचा टँकर आणा, खड्ड्यात ओता आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडून पाहा. पाणी उतरलं असेल तर एककांत वीस टक्के सूट. नसेल तर सूट नाही, मग त्यांच्याकडे पूर्णत्वाचा दाखला असो नाही तर नसो.

आता रस्त्यांची १५० एककं. तुमच्या ले-आउटमधला सगळ्यात मोठा झाकलेला तुकडा रस्ता आहे आणि तो सार्वजनिक आहे. रस्त्याचं पाणी तुमच्या तळ्यात येतं, म्हणजे महापालिका या तळ्याची सगळ्यात मोठी वापरकर्ती आहे. ७२७ च्या दराने तिचा हिस्सा वर्षाला १ लाख ९ हजारांच्या आसपास होतो. तिने तो दिला नाही तर तुमचा दर एककाला हजारावर जातो आणि फ्लॅटचे २५५ चे ३५० होतात.

पैसे रोख मागू नका, ते मिळण्याची शक्यता कमी. काम मागा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, म्हणजे आधीचा १९४९ चा मुंबई प्रांतिक कायदा, त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत आणि गटारं बांधणं व राखणं त्यात येतं. पावसाळापूर्व नालेसफाईसाठी महापालिका दरवर्षी यंत्रं लावतेच. तुमच्या तळ्याचा आतला नाला, बाहेरचा पाइप आणि पाच वर्षांतून एकदाची गाळसफाई त्या यादीत घालून घ्यायची. त्यासाठी लेखी करार हवा. त्यात तळ्याचा नकाशा, सर्व्हे नंबर, आत येणाऱ्या पावसाळी गटारांचे व्यास आणि कोण काय करणार हे कलमवार लिहिलेलं असावं. करार झाला की पंचवटी विभागीय कार्यालयाच्या नालेसफाईच्या यादीत तळ्याचं नाव आलं की नाही, ते दरवर्षी मार्चमध्ये स्वतः जाऊन पाहा.

इथे परदेशातला एक दाखला सांगतो, कारण तुमची कल्पना तिथे कायद्यात बसवलेली आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अशा तळ्यांसाठी ठरावीक हद्दीतल्या मालमत्तांवर वेगळी आकारणी लावता येते आणि ती मालमत्ता कराच्या बिलातूनच वसूल होते. पण १९९६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २१८ ने तिच्यावर कडक अटी घातल्या. अभियंत्याचा लेखी अहवाल लागतो. प्रत्येक मालमत्तेला मिळणारा खास लाभ आणि सगळ्या जनतेला मिळणारा सामान्य लाभ वेगळे काढावे लागतात, आणि सामान्य लाभाचा खर्च मालमत्ताधारकांवर टाकता येत नाही. सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी प्रत्येक मालकाला टपालाने सूचना आणि मतपत्रिका जाते. ज्याचा बोजा जास्त, त्याच्या मताचं वजन जास्त. आलेल्या मतांत विरोधाचं पारडं जड ठरलं तर आकारणी लागत नाही. आणि सरकारी मालकीच्या जमिनीलाही आपोआप सूट नाही. आपल्याला लाभ मिळतच नाही, हे त्या संस्थेने भक्कम पुराव्याने सिद्ध करावं लागतं. त्याच राज्यातल्या फ्रेस्नो शहरात १९५६ पासून पूरनियंत्रणासाठी वेगळी संस्था आहे आणि तिची तळी पावसाळी पाणी अडवतात, भूजलही भरतात.

तो कायदा आपल्याकडे लागू नाही, पण त्यातलं एक तत्त्व तुमच्या कामाचं आहे. तुमच्या तळ्याचा लाभ फक्त तुम्हाला होत नाही. वाघाडीच्या काठावरच्या खालच्या वस्त्यांना तो तुमच्यापेक्षा जास्त होतो. तुम्ही चढावर आहात, तळं भरून वाहिलं तरी तुमच्या दिवाणखान्यात पाणी येणार नाही, ते त्यांच्या घरात जाईल. म्हणून सामान्य लाभाचा वाटा महापालिकेच्या तिजोरीतून आला पाहिजे हे तुमचं म्हणणं न्याय्य आहे. अर्जात ते ठामपणे लिहा.

मग महापालिकेनेच बिलातून अशी आकारणी वसूल करावी, हे आपल्या कायद्यात बसतं का? अधिनियमाच्या कलम १२७ आणि १२९ मध्ये कोणते कर लावता येतात ते दिलं आहे. ले-आउटपुरती वेगळी तलाव आकारणी त्यात तयार मिळत नाही. कलम १४९ च्या मार्गाने नवा कर लावायचा तर महापालिकेचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी लागते. एका ले-आउटसाठी हे होणार नाही, पण शहरभराच्या पावसाळी पाणी आकारणीसाठी होऊ शकतं आणि व्हायला हवं असं माझं मत आहे. ठरावीक कामासाठी बिलातून पैसे घेऊन वेगळ्या निधीत ठेवण्याचा दाखला आपल्याकडे आहेच. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष कर घेतला जातो आणि त्यासाठी वृक्ष निधी आहे. पाण्यालाही तसा निधी का नको? केंद्राच्या योजनांतून पावसाळी गटारं झाली, ‘जेएनएनयूआरएम’ या शहर नूतनीकरण योजनेच्या काळात नाशिकमध्ये मोठं काम झालं. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते होत आहेत, म्हणजे झाकलेली जमीन आणखी वाढणार. बांधकामाला अनुदान येतं, चेंबर उपसायला येत नाही. बिलातून वसुलीचा मोठा फायदा असा की मालमत्ता कराच्या थकबाकीचा पहिला बोजा त्या मालमत्तेवरच असतो, घर विकलं तरी देणं सुटत नाही.

हे होईपर्यंत तुमचा मार्ग कराराचा. सगळ्या सोसायट्या, अपार्टमेंट आणि बंगलेवाले यांची मिळून एक शिखर संस्था नोंदवा. रेरा कायद्याच्या राज्यातल्या नियमांत ले-आउटसाठी अशा संस्थेची तरतूद आहे, विकासकाला त्यात ओढा. प्रत्येक घटकाशी नोंदणीकृत करार करा: एकक, दर, दर तीन वर्षांनी फेरमोजणी आणि थकल्यास व्याज. घर विकताना शिखर संस्थेचा ना-हरकत दाखला लागेल अशी अट सोसायट्यांच्या ठरावात घ्या. अपार्टमेंटने आपला हिस्सा महिन्याच्या मेंटेनन्समध्येच धरावा, म्हणजे फ्लॅटच्या दारोदार फिरावं लागत नाही. सहकारी सोसायटीत मेंटेनन्स थकला तर वसुली दाखल्याचा मार्ग मोकळा असतो. स्वतंत्र बंगल्यांकडून वसुली हा कच्चा दुवा राहील हे खरं आहे, म्हणून नमुन्यात ते ४० हजार धरले.

पैसे दोन खात्यांत ठेवा, यावर मी कधीच तडजोड करत नाही. एक चालू खर्चाचं. दुसरं गाळ आणि बदलीच्या कामांचं, मुदत ठेवीत, तीन सह्यांशिवाय न मोडणारं. गणपतीच्या मंडपाला, गेटच्या सीसीटीव्हीला, कशालाही त्यातून उसने द्यायचे नाहीत. आज उद्या करत ते परत येत नाहीत.

विकासकाबद्दल. त्याच्याकडून कायमचा कॉर्पस मागू नका. वर्षाला ४ लाख व्याजातून हवे असतील तर सात टक्क्यांनी ५७ लाखांची ठेव लागेल, आणि त्या आकड्यावर बोलणी तिथेच तुटतील. पहिल्या पाच वर्षांचा खर्च मागा. त्याला कारण आहे. पहिली वर्षं प्लॉट रिकामे असतात, एककं कमी असतात आणि गाळ मात्र सगळ्यात जास्त येतो, कारण बांधकामं चालू असतात. रस्त्यावर टाकलेली वाळू आणि क्रश सँड पहिल्या पावसात तळ्यात. म्हणून प्रत्येक नव्या बांधकामाकडून गाळ अनामत घ्या. वाळूभोवती विटांचा आडोसा आणि गेटपाशी गाळ अडवायचा खड्डा ठेवला तर अनामत परत, नाही तर त्यातून सफाई. गाळ तळ्यात पोहोचण्याआधी अडवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

डासांमुळे तळंच नको म्हणणारे लोक निघतील. त्यांची भीती खरी आहे, डेंग्यू आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि नीट चालणारं तळं काही तासांत रिकामं होतं. तीन दिवसांवर पाणी राहिलं तर बाहेरचा पाइप अडला आहे, हे समजायचं. खोलगट जागी कायम पाणी राहत असेल तर तेवढ्यात गप्पी मासे सोडा.

आता वेळापत्रक. महापालिकेने पुढच्या वर्षाचे कराचे दर कलम ९९ प्रमाणे २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या आधी होते. तेव्हा नालेसफाईच्या यादीसाठी आणि करारासाठी तुमचा अर्ज डिसेंबरमध्ये विभागीय कार्यालयात पोहोचला पाहिजे, पोच घेऊन. त्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एककांची मोजणी, हरकती आणि शिखर संस्थेची सभा. वसुली एप्रिलमध्ये करा, घरपट्टीवर सवलत मिळते म्हणून लोक तेव्हा पैसे काढून ठेवतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाळकुंडी आणि जाळी साफ, खांबावरची रेघ लिहिलेली.

अर्जासोबत तीन कागद जोडा: मंजूर ले-आउटचा नकाशा, तळ्याची जागा ज्याच्या नावावर आहे तो सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि एककांची यादी. दुसरा कागद आधी काढा. जागा अजून विकासकाच्याच नावावर असेल, तर बाकी सगळ्याच्या आधी तिचं हस्तांतरण करून घ्यावं लागेल, आणि त्यासाठी तुमच्या वकिलाला मी वर लिहिलेला पाच वर्षांच्या खर्चाचा मुद्दा त्याच बैठकीत मांडायला सांगा.